रणगाड्यावरची रॉकेटं आणि चाकांवरचा पिनाका

गेल्या रविवारी अंबाजोगाईच्या एका अभ्यासिकेत भरतीची तयारी करणाऱ्या पोरांशी बोलायला गेलो होतो. निघता निघता मेकॅनिकलचा डिप्लोमा करणाऱ्या एका मुलानं मोबाईल पुढं धरला. "काका, हे बघा. रशियाचं आहे. खाली टी-७२ रणगाडा, वर तोफेच्या जागी चोवीस नळ्यांचा खोका. आणि आपला पिनाका ट्रकावर. ट्रकाला एक गोळा लागला की खेळ खलास. आपल्याकडं टी-७२ एवढे आहेत, मग आपण असं का करत नाही? आपण मागं आहोत का?"

वेळ संपली होती. मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं आणि घरी येईपर्यंत चुटपुट लागून राहिली. माझी तोफखान्यातली बहुतेक नोकरी रॉकेट रेजिमेंटमध्ये गेली, आधी ग्रॅड या रशियन आणि मग पिनाका या आपल्या, ट्रकावरच्या अनेक नळ्यांच्या रॉकेट लाँचरवर. असा प्रश्न विचारणाऱ्या लेकराला पुरतं उत्तर मिळायला हवं, म्हणून आज सगळं लिहून काढतोय.

आधी त्या व्हिडिओतल्या गाडीबद्दल. तिचं नाव टॉस-१ए. रशियन भाषेतल्या त्या तीन अक्षरांचा अर्थ 'जड अग्निक्षेपक यंत्रणा' असा होतो, आणि खरी गोम या नावातच आहे. रशियन सैन्यात ही गाडी तोफखान्याकडं नसतेच. विषारी वायू आणि किरणोत्सारापासून बचाव करणारं जे वेगळं दल आहे, त्यांच्याकडं ती असते, कारण आग फेकणारी हत्यारं तिथं पूर्वीपासून त्यांच्याच ताब्यात. पाठीवर इंधनाची टाकी बांधून शत्रूच्या बंकरच्या तोंडापर्यंत सरकणारा शिपाई जुन्या फोटोत पाहिला असशील. त्याचंच काम या गाडीनं थोडं लांबून करायचं, अशी तिच्यामागची कल्पना.

'थोडं लांबून' म्हणजे किती? पहिल्या टॉस-१ ला २२० मिलिमीटरच्या ३० नळ्या होत्या आणि पल्ला साडेतीन किलोमीटरच्या आसपास. लांब नाकाच्या लाकडी बाहुल्यावरून रशियन सैनिकांनी तिला 'बुरातिनो' म्हणायला सुरुवात केली. पुढं रॉकेट लांब आणि जड झालं, नळ्या २४ वर आल्या, पल्ला ६ किलोमीटर झाला. या सुधारित गाडीचं टोपणनाव 'सोल्न्त्सेप्योक', म्हणजे करपवून टाकणारं ऊन. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारी बाराचं ऊन डोळ्यापुढं आण, नाव का दिलं ते कळेल.

अंतराचा अंदाज यावा म्हणून आपल्याच भागातलं माप सांगतो. ग्रॅडचा पल्ला २० किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेत जवळपास अंबाजोगाई ते परळी. पहिल्या पिनाकाचा साडेसदतीस किलोमीटर, म्हणजे इथून रेणापूर ओलांडून लातूरच्या दिशेनं पुढं. आणि पहिला टॉस? गाव सोडून शिवेच्या थोडा पलीकडं.

तुझ्या प्रश्नाचं अर्ध्याहून जास्त उत्तर या मापात आलं. साडेतीन किलोमीटरवर उभं राहून मारा करायचा म्हणजे शत्रू तुला दुर्बिणीतून बघतोय. त्याचा रणगाडा दोन-अडीच किलोमीटरवरून नेम धरतो, रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र चार किलोमीटरपर्यंत पोचतं. तिथं ट्रक नेणं म्हणजे माणसं मारायला नेणं. पोलादाच्या आड बसूनच तिथं जावं लागतं, म्हणून खाली रणगाडा. पिनाकाची बॅटरी, म्हणजे एकत्र मारा करणारी लाँचरांची तुकडी, उभी असते तिथून शत्रू दिसतच नाही. मध्ये डोंगर असतो, गावं असतात, कधी आख्खा तालुका असतो. लक्ष्य बघणारा ओपी अधिकारी पुढं कुठंतरी टेकडीवर बसलेला, आणि लाँचरवाल्यांच्या हातात येतात ते नुसते आकडे. त्यांना जीव वाचवायला वेग आणि अंतर लागतं, जाड पत्रा लागत नाही.

जुना इतिहास काढून बघ, हाच हिशेब दिसतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी शर्मन रणगाड्याच्या बुरुजावर साडेचार इंची रॉकेटच्या ६० नळ्यांची चौकट बसवली, तिला कॅलिओपी म्हणत. चौकट तोफेच्या नळीला दांड्यानं जोडलेली, तोफ वर उचलली की रॉकेटच्या नळ्याही वर उचलायच्या. पल्ला चार किलोमीटरच्या घरात. रशियनांनी टी-४० आणि टी-६० या हलक्या रणगाड्यांवर ८२ मिलिमीटरची २४ रॉकेटं बसवली, तीही जवळच्या मारासाठी. मात्र ज्या कात्युशा रॉकेट लाँचरनं नाव कमावलं, १४ जुलै १९४१ ला ओर्शाच्या रेल्वे स्टेशनवर पहिल्यांदा जी बरसली, ती साध्या ट्रकावर होती. तिच्याच वंशातली १९६३ ची ग्रॅड उरल ट्रकावर आली, आणि माझ्या वाट्याला तीच आली.

आता दुसरी गोष्ट, आणि मेकॅनिकलवाल्याला ही नीट समजली पाहिजे. तोफ मागं धक्का देते. १५५ मिलिमीटरचा चाळीस-पंचेचाळीस किलोचा गोळा पुढं गेला की तेवढाच जोर मागं येतो, आणि तो गिळायला खाली वजनदार धड लागतं. म्हणून आपली के-९ वज्र ही तोफ रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर आहे, आणि त्याआधी आपण १३० मिलिमीटरची तोफ विजयंता रणगाड्याच्या धडावर बसवून कॅटापल्ट केली होती. रणगाड्याच्या अंगावर दुसरं हत्यार चढवायची विद्या आपल्याकडं जुनीच आहे. रॉकेटचं तसं नसतं. नळी दोन्हीकडून उघडी. जळणारा वायू मागून मोकळा निघून जातो, गाडीवर मागचा धक्का जवळजवळ येतच नाही. दिवाळीत बाटलीत बाण लावतोस तेव्हा बाटली मागं उडते का? कधीतरी कलंडते, पण उडत नाही.

बाटली कलंडते, हा मात्र आमच्यासाठी खरा त्रास. नळ्यांचा खोका उंच असतो, रॉकेट निघताना वायूचा झोत त्याला ढकलतो आणि सगळी गाडी डोलते. डोलत्या गाडीतून पुढचं रॉकेट सोडलं तर तिकडं तीस किलोमीटरवर ते कुठल्याकुठं जाऊन पडेल. म्हणून पिनाका मारा करण्याआधी चार हायड्रॉलिक पाय जमिनीवर टेकवते. १२ रॉकेटं ४४ सेकंदांत जातात, हा आकडा तू पाठ केला असशील. भागाकार कर: बारा रॉकेटांमधली मोकळी जागा अकरा, ४४ भागिले ११, चार सेकंद. एका रॉकेटनं दिलेली डुलकी त्या चार सेकंदांत शांत व्हायला हवी. बघणाऱ्याला चार सेकंद म्हणजे काहीच नाही. केबिनमध्ये बसलेल्याला मात्र प्रत्येक डुलकी पाठीत कळते.

तरी तुझ्या प्रश्नातला एक मुद्दा अगदी बरोबर आहे, तो मी टाळणार नाही. चिखल. आपली काळी रेगाड जमीन पावसानंतर चाकाला काय करते ते तुला माहीत आहे. एका सरावात वळवाचा पाऊस झाला आणि आमची रॉकेटं आणून देणारी भरलेली लोडर गाडी एक्सलपर्यंत रुतली. आठही चाकांना जोर देणारा टाट्रा ट्रक, टायरमधली हवा केबिनमधून कमी-जास्त करायची सोय, तरी रुतली. बाहेर काढायला दुपार गेली, आणि त्या बॅटरीचं त्या दिवसाचं काम तिथंच थांबलं. पट्ट्याची गाडी असती तर निघून गेली असती.

कागदावर मांडून बघ. टॉस साधारण ४६ टनांची. टी-७२ चा एक पट्टा ५८ सेंटिमीटर रुंद, त्यातला सव्वाचार मीटरच्या आसपास जमिनीला टेकलेला. दोन्ही पट्टे मिळून ४९ हजार चौरस सेंटिमीटर झाले. ४६ हजार किलो त्यावर पसरले तर एका चौरस सेंटिमीटरवर एक किलोही येत नाही. तुझ्या मोटारसायकलचं टायर जमिनीवर याच्या दुपटीनं दाबतं, कारण टायरचा दाब साधारण आतल्या हवेच्या दाबाएवढा असतो. भरलेल्या ट्रकाचा त्याहून कितीतरी जास्त. म्हणूनच एवढं धूड शेतातून सहज जातं आणि उसाची ट्रॉली बांधावर अडकते.

मग सगळंच पट्ट्यावर का नाही? आमच्या गावात शेततळ्याला पोकलेन आलं होतं, ते आठवतं. मशीन ट्रेलरवर आलं, स्वतःच्या पट्ट्यांवर चालत नाही आलं. ट्रेलर रस्त्याच्या या बाजूला उभा केला, शेत त्या बाजूला, मध्ये नवा डांबरी रस्ता. ऑपरेटरनं जुनी टायरं आणली होती. दोन टायरं पट्ट्यापुढं टाकायची, मशीन त्यावर चढवायचं, मागची टायरं उचलून पुन्हा पुढं टाकायची. वीस फुटांचा रस्ता ओलांडायला त्यानं पंधरा मिनिटं घेतली, आणि घेतली ते बरोबरच केलं, नाहीतर डांबर उखडलं असतं. वळताना एक पट्टा थांबवून दुसरा फिरवावा लागतो, खालची जमीन नांगरल्यासारखी होते.

रणगाड्याचं हेच, फक्त कितीतरी पटीनं मोठं. लांबचा प्रवास रेल्वेच्या वाघिणीवर किंवा ट्रेलरवर. आपल्या टी-७२ ला ७८० अश्वशक्तीचं इंजिन, किलोमीटरला अडीच लिटरच्या आसपास डिझेल. पट्ट्याच्या पिना, रबरी बुश, खालची रोड व्हील, मागचं दातेरी स्प्रॉकेट, सगळं झिजतं आणि सगळं हातानं बदलायचं असतं. मैदानात पट्टा निसटला तर तो परत चढवताना घणानं पिना ठोकणारी पोरं मी पाहिली आहेत, तळहात सोलून निघतात. आणि पूल. लष्करी हालचालीच्या रस्त्यांवर पुलाच्या तोंडाशी पिवळ्या गोल पाटीवर आकडा असतो, त्या पुलाला किती वजनाच्या दर्जाची गाडी चालते ते सांगणारा. ४६ टनांच्या गाडीला डोंगरातले कितीतरी पूल बंद होतात.

वजनामुळं हत्यार कसं अडतं, याचं आपल्याच मुलखातलं उदाहरण आहे. मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, मग ती आपल्या परंड्याच्या किल्ल्यावर होती. वजन ५५ टन सांगतात, म्हणजे या टॉसपेक्षाही जास्त. १६३२ मध्ये ती विजापूरला नेली तेव्हा शेकडो बैल आणि हत्ती जुंपले होते असं सांगतात. तिथं ती बुरुजावर चढली ती आजतागायत तिथंच आहे.

पिनाकाची परीक्षा झाली ती १९९९ ला कारगिलच्या डोंगरात, चाचण्या पुऱ्या व्हायच्या आतच. ग्रॅडही तिथं होत्या. वळणावळणाचा, एका बाजूला दरी असलेला रस्ता, कच्चे पूल. जागेवर यायचं, पाय टेकायचे, मारा करायचा, पाय उचलून निघून जायचं. निघून जायची घाई का, ते समजून घे. रॉकेटचा धूर आणि धूळ मैलभरावरून दिसते, आणि शत्रूचं रडार हवेतल्या रॉकेटचा मार्ग पकडून ते कुठून सुटलं ते थोड्याच वेळात काढतं. आपल्याकडचं स्वाती रडार हेच काम करतं. ज्या जागेवरून मारलं त्या जागेवर रेंगाळणारी बॅटरी वाचत नाही. अशा वेळी रस्त्यावर ताशी ७०-८० नं पळणारं चाक कामाला येतं.

तू म्हणालास, ट्रकाला गोळा लागला तर खलास. टॉसला लागला तर? खालचं धड रणगाड्याचं आहे, खरं. पण रॉकेटं कुठं आहेत? वर, पातळ पत्र्याच्या नळ्यांत. चिलखत चालकाला आणि नेम धरणाऱ्याला वाचवतं, रॉकेटांना नाही. २०२२ पासूनच्या युक्रेनच्या लढाईत ड्रोननं अशा गाड्या टिपल्या. डोक्यावरची भरलेली रॉकेटं पेटल्यावर खालच्या पोलादाचा काय उपयोग? मला तरी त्या गाडीतल्या तिघांच्या जागी बसायला नको वाटेल, आणि हे मी आयुष्यभर रॉकेटांजवळ बसलेला माणूस सांगतोय.

त्यांच्या रॉकेटात काय असतं तेही विचारलं होतंस. साध्या स्फोटकात जळायला लागणारा प्राणवायू त्याच्याच आत असतो. यात आधी इंधनाचा बारीक ढग पसरतो, मग तो पेटतो, आणि प्राणवायू आजूबाजूच्या हवेतून ओढतो. बंद स्वयंपाकघरात गॅस साठून भडका उडाल्यावर भिंती कशा बाहेर फेकल्या जातात, ते आपल्याकडं घडलेलं आहे. त्या जातीचा हा दाब, फार मोठ्या प्रमाणावर. तो खंदकाच्या वळणातून, तळघराच्या दारातून आत शिरतो, आणि आत लपलेल्याला आडोसा उरत नाही. अफगाणिस्तानात सोव्हिएत सैन्यानं शेवटच्या काळात हे वापरलं, मार्च २००० मध्ये चेचन्यातल्या कोम्सोमोल्स्कोये गावावरही वापरलं. व्हिडिओखाली पोरं आगीच्या खुणा टाकतात. मी अशा माऱ्यानंतरच्या जागेचे फोटो प्रशिक्षणात पाहिले आहेत, आणि त्यावर टाळी वाजवावी असं मला कधी वाटलं नाही. सैनिकाला हत्यार चालवता आलं पाहिजे, पण ते कुणाच्या अंगावर पडतं याचीही जाण पाहिजे.

एक उदाहरण मात्र वरच्या हिशेबाला वरवर छेद देतं, ते लपवत नाही. अमेरिकेचा एम-२७० हा रॉकेट लाँचर. पल्ला सुरुवातीलाच तीस किलोमीटरच्या वर, तरी तो पट्ट्यांवर. १९८३ ला सैन्यात आला, ब्रॅडली या चिलखती गाडीच्या घराण्यातलं धड, वर २२७ मिलिमीटरची १२ रॉकेटं. कारण असं की युरोपात त्यांच्या रणगाड्यांचे आणि ब्रॅडलींचे ताफे शेतं तुडवत जाणार होते, त्यांच्या मागोमाग रॉकेटंही तशीच जायला हवी होती. म्हणजे पल्ल्याबरोबर 'कुणाच्या सोबत चालायचं' हाही प्रश्न असतो. नंतर त्याच अमेरिकनांनी तीच रॉकेटं निम्मी करून, सहाचा एकच खोका, ट्रकावर बसवली. तो हायमार्स. साधं मालवाहू विमान त्याला पोटात घालून नेतं. आज जगभर नाव कुणाचं घेतलं जातं ते तू बातम्यांत पाहतोसच. रशियनांनीही टॉसच्या पुढच्या गाडीचा, टॉस-२ चा, पल्ला वाढवला आणि ती २०२० च्या मॉस्कोच्या संचलनात चाकांवर आणली. ज्यांच्या व्हिडिओवरून तू विचारलंस, तेच ट्रकाकडं वळलेत. म्हणून आपण मागं आहोत का, याला माझं उत्तर स्वच्छ 'नाही' असं आहे. राजस्थानच्या वाळूत रणगाड्यांच्या खांद्याला खांदा लावून चालणारी एखादी पट्ट्यांवरची रॉकेट बॅटरी असावी का, यावर वाद होऊ शकतो, आणि मी त्यात 'असावी' म्हणणाऱ्यांत बसेन. पण पिनाकाच्या जागी नव्हे, तिच्या जोडीला.

पिनाकाचा आणखी एक फायदा कुठल्या व्हिडिओत दिसत नाही, तो माणसांच्या पाठीला होतो. ग्रॅडचं एक रॉकेट ६६ किलोच्या आसपास. एका गाडीत ४०. म्हणजे एकदा भरायला अडीच टनांवर माल हातानं उचलायचा. मे महिना, वाळवंट, नळीचं पोलाद इतकं तापलेलं की उघडा तळवा टेकवता येत नाही. दोघं मागून उचलणार, तिसरा शेपटाला आधार देणार. रॉकेटच्या अंगावर एक छोटी खुंटी असते आणि नळीच्या आत वळत गेलेली खाच. खुंटी त्या खाचेत बसली तरच रॉकेट निघताना स्वतःभोवती फिरतं आणि सरळ जातं. बसली की 'कट' असा बारीक आवाज येतो. तो आवाज आला नाही तर ते रॉकेट पुन्हा बाहेर ओढायचं. चाळीस वेळा तो आवाज ऐकायचा. माझ्या सोबतचा एक जवान, जालन्याकडचा, प्रत्येक आवाजाला मोठ्यानं आकडा म्हणायचा, आणि चाळीस म्हटल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. पिनाकात सहा-सहा रॉकेटांचे दोन खोके. एक रॉकेट २७६ किलोचं, म्हणजे ते हातानं उचलायचा प्रश्नच नाही. लोडर गाडीची क्रेन आख्खा खोका उचलून ठेवते. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा आम्ही जुने लोक गप्प उभे होतो.

हे सगळं आपल्याच राज्यात घडलंय, हेही तुला माहीत असावं. रॉकेट यंत्रणेचं मुख्य काम पुण्यात पाषाणच्या एआरडीई या शस्त्रास्त्रांच्या प्रयोगशाळेत झालं, आणि गाडीच्या बाजूला अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या लष्करी वाहनांच्या प्रयोगशाळेचा हात आहे. नाव शंकराच्या धनुष्याचं. परळीच्या वैजनाथाच्या शेजारी वाढलेल्याला ते वेगळं सांगायला नको.

तुझा शेवटचा प्रश्न, रॉकेट रेजिमेंट मागून मिळते का. नाही. तोफखाना मिळाला तर आधी नाशिक रोड किंवा हैदराबादच्या आर्टिलरी सेंटरला प्रशिक्षण होतं, रेजिमेंट नंतर ठरते. तोवर एक कर. अहिल्यानगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, सुट्टीत जाऊन ये. रणगाड्यांचे फोटो सगळेच काढतात. तू खाली वाक, पट्ट्याच्या दोन कड्यांमधली पिन बघ, रोड व्हील मोज, पट्टा टेप लावून मोज आणि मी वर मांडलेला दाबाचा हिशेब दोन-तीन वेगवेगळ्या रणगाड्यांसाठी स्वतः करून बघ. आकडे घेऊन ये, पुढच्या महिन्यात मी पुन्हा अभ्यासिकेत येणार आहे.